डाव्या चाकाची ड्यूटी

दोन तारखेला, सोमवारी, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी मी आमच्या इमारतीच्या फाटकापाशी ब्रेक दाबला आणि गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून किंकाळी निघाली. फरशीवरून लोखंडी कपाट ओढत नेल्यावर येतो त्या जातीचा आवाज. वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहिला. चार महिन्यांत तो मला पाहून पहिल्यांदाच उभा राहत होता, पण त्यात आदराचा भाग नव्हता.

गाडी वापरलेली, बारा वर्षांची. तिची चारही चाके इंजिनाला कायमची जोडलेली आहेत. एखादी जोडी सोडवून ठेवण्याची सोय बनवणाऱ्याने केलेली नाही. वाळू, चिखल आणि खडकाळ चढ यांसाठी ती बनवली आहे. माझ्याकडे आल्यापासून तिने सर केलेला सर्वांत अवघड प्रदेश म्हणजे दूध डेअरीसमोरचा गतिरोधक. तरी सकाळी तिच्या उंच सीटवर बसले की पुढच्या गाड्यांच्या टपावर काय ठेवले आहे ते दिसते. पंचवीस वर्षे मी याचीच वाट पाहिली, हे मी आजवर कुणालाही पटवून देऊ शकलेलो नाही.

बायकोला छोटी गाडी हवी होती. त्या दिवशी जेवताना मी आवाजाचा विषय काढला नाही. तिनेच काढला, कारण तो तिसऱ्या मजल्यापर्यंत आला होता. गाडीचा तपासणीचा दाखला तीस तारखेला संपत होता आणि हे तिला माझ्याइतकेच नीट ठाऊक होते. शांतपणे ताट बाजूला सारून तिने अट घातली.

"तीस तारखेच्या आत पास झाली तर राहील. नाहीतर डॉक्टर घेऊन जातील. मग तोंड पाडून बसायचं नाही."

डॉक्टर म्हणजे माझ्या मेहुण्याच्या ओळखीचे दातांचे डॉक्टर. त्यांना शेतावर जायला अशीच गाडी हवी होती. आठवड्यातून एकदा फोन करून ते गाडीची तब्येत विचारत. आमच्या घरात माझी तब्येत इतक्या नियमाने कुणी विचारत नाही.

मंगळवारी मी गाडी मेकॅनिककडे नेली. त्याने डावे पुढचे चाक काढले. चाकामागे लोखंडी तबकडी असते आणि ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन बाजूंनी चिमटीत धरतात. त्यातला आतला पॅड निघाला तो जवळजवळ पत्राच उरला होता. मी बॅगेतून जाडी मोजायचा व्हर्नियर काढला. मी वजनमापे कार्यालयात आहे. दुकानदारांचे तराजू आणि मापे तपासून शिक्का मारणे हे माझे काम, त्यामुळे व्हर्नियर माझ्याजवळ असतो. डावा आतला दोन मिलिमीटर. डावा बाहेरचा सात. उजव्या चाकाचे दोन्ही नऊ-नऊ. आयुष्यभर लोकांच्या तराजूची दोन पारडी समान आहेत की नाहीत ते बघणाऱ्या माणसाच्या गाडीत हा प्रकार निघावा, याचे मला वाईट वाटले.

मेकॅनिकने विचारले, "गाडी चालवतं कोण?"

मी म्हणालो, मीच.

तो माझ्या बुटांकडे बघत राहिला. मग ब्रेकवर पाय ठेवूनच चालवायची सवय आहे का, असे त्याने आजाऱ्याला पथ्य विचारावे तसे विचारले. मी सांगितले की माझा पाय कितीही वाईट असला तरी तो एकट्या डाव्या चाकाचा, तेही आतल्याच बाजूचा ब्रेक दाबू शकत नाही. हे त्याला पटले, पण माझ्याबद्दलचे मत त्याने बदलले असे दिसले नाही. पॅड धरणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यातली एखादी जाम झाली असेल, खोलून बघावे लागेल, असे तो म्हणाला. मात्र त्याच्याकडे त्या आठवड्यात एका रुग्णालयाच्या दोन रुग्णवाहिका खोलून पडल्या होत्या. त्यांच्यापुढे माझा नंबर लावा असे म्हणण्याचा निर्लज्जपणा माझ्या अंगी नाही. त्याने पॅड तात्पुरते होते तसे बसवले आणि तेवीस तारखेला या म्हणाला.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. तेवीसला पिन बघायची, पॅड बदलायचे, तपासणीला जायचे. पण संध्याकाळी पार्किंगमध्ये ड्यूटीकाका भेटले.

ड्यूटीकाका तळमजल्यावर राहतात. बस आगारात तीस वर्षे चालकांच्या ड्यूट्या लावण्याचे काम त्यांनी केले. कोणत्याही चालकाला लागोपाठ दोनदा पहाटेची पाळी आली नाही आणि कुणाच्याही वाट्याला खराब रस्ता सलग आला नाही, असा त्यांचा दावा आहे. निवृत्त झाल्यावर त्यांनी इमारतीतल्या पाण्याच्या पंपाच्या, जिन्यातल्या दिव्यांच्या आणि एकदा तर गच्चीवर कपडे वाळत घालण्याच्या ड्यूट्या लावून दिल्या. मी त्यांना चार आकडे सांगितले. ते त्यांनी पेनाने तळहातावर लिहून घेतले.

मग म्हणाले, "अरे, एकाच माणसाला रोज घाटाची ड्यूटी दिलीस, तर तो झिजणारच. चूक त्याची नाही. चूक ड्यूटी लावणाऱ्याची."

ड्यूटी लावणारा मी. म्हणजे फिरून दोष माझ्याकडेच आला, पण या वेळी निदान त्याला काही पद्धत होती. काकांचा उपाय सरळ होता. डावीकडचे पॅड उजवीकडे घालायचे, उजवीकडचे डावीकडे. थकलेल्याला विश्रांती, ताज्याला काम. सगळे सारखे झिजले की सगळ्यांना एकदम निवृत्त करायचे. मधेच चांगला पॅड फेकून देणे म्हणजे नोकरीची नऊ वर्षे शिल्लक असलेल्या माणसाला घरी बसवणे. हे ऐकून मी भारावलो, हे कबूल केले पाहिजे. आमच्या घरात चादर मधे विरली की ती फाडून कडा मधे आणून शिवत. साबणाची चिपटी नव्या साबणाला चिकटवत. त्या संस्कारात वाढलेल्या माणसाला सात मिलिमीटर शिल्लक असलेला पॅड फेकवत नाही. जाम पिनेचा विचार माझ्या मनात आला होता, तो मी तेवीस तारखेवर ढकलला.

आठ तारखेला, रविवारी, सकाळी नऊ वाजता काम सुरू झाले. काकांनी चार रंगांत तक्ता करून खांबाला चिकटवला होता. त्यात पॅडना क्रमांक होते, सध्याची जागा होती, बदलीची जागा होती आणि 'शेरा' असा एक रिकामा रकानाही होता. जॅक लावेपर्यंत आठ जण जमले. समोरच्या वहिनींचे म्हणणे असे, की दोष गाडीत नाहीच, पार्किंगला डावीकडे उतार आहे. मी तत्काळ पाणसळ आणून ठेवली. उतार होता. त्यामुळे वहिनींना आजपर्यंत कुणी काही सांगू शकलेले नाही. संगणकात काम करणारे एक गृहस्थ म्हणाले, हल्लीच्या गाड्यांत हे सगळे सॉफ्टवेअरमुळे होते. ही गाडी बारा वर्षांपूर्वीची आहे म्हटल्यावर ते म्हणाले, मग जुन्या सॉफ्टवेअरमुळे.

जाडा पॅड बसवायचा तर पॅडला दाबणारा आतला दट्ट्या मागे ढकलावा लागतो. तो आम्ही सुताराच्या शिकंज्याने ढकलला. दट्ट्या मागे गेला की ब्रेकचे तेल उलटे वर येते आणि बॉनेटमधली त्याची डबी भरून वाहू लागते, हे तक्त्यात नव्हते. डबी वाहिली. तेल बॉनेटखालून बाहेर आले आणि शेजारी बायकोची स्कूटर उभी होती, तिच्या पुढच्या मडगार्डवर ओघळले. ब्रेकचे तेल रंग खाते. वीस मिनिटांत मडगार्डवरचा निळा रंग सायीसारखा सुटून आला. काकांनी खिशातून पेन काढून शेरा रकान्यात 'किरकोळ सांडलवंड' असे लिहिले.

बायको वरून खाली आली तेव्हा आठही जणांना एकाएकी घरची कामे आठवली. तिने मडगार्ड बघितले, तक्ता शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाली, "काका, यांना पण कुठेतरी बदली द्या ना." काका हसले. मला हसता आले नाही, कारण मी त्या वेळी गाडीखाली होतो.

दुपारी दोन वाजता चाक बसले. दोन फेऱ्या मारल्या. आवाज नाही. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली; हात तेलाचा होता, पण शर्ट तोपर्यंत गेलेलाच होता.

पुढचे तेरा दिवस वैभवाचे गेले. वॉचमन पुन्हा खुर्चीत बसून राहू लागला. काकांनी शेजारच्या दोन इमारतींत व्याख्यान दिले. एकदाच, ऑफिसातून परत आल्यावर, मला डाव्या चाकाजवळ जळका वास आला आणि हात लावला तर ते तव्यासारखे तापले होते. उजवे गार होते. मी काकांना सांगितले. "ड्यूटीवरचा माणूस तापतोच," ते म्हणाले. "विश्रांतीवरचा गार असतो." या वाक्यात खोट काढण्याइतके माझे शिक्षण झालेले नाही.

एकवीस तारखेला, शनिवारी, सकाळी सात पस्तीसला पुन्हा आवाज आला. या वेळी दोन्ही बाजूंनी. वॉचमन उभा राहून फाटकाच्या बाहेर गेला.

चाके काढून मी मोजले. डावा आतला, जो तेरा दिवसांपूर्वी उजवीकडे नऊ मिलिमीटर होता, तो दोन. उजवीकडे विश्रांतीला पाठवलेला जुना दोनचा, तो दोनला जरा कमी. ज्याला आजार होता ती डावी जागा आणि आम्ही तिथे एकामागून एक धडधाकट माणसे पाठवत होतो. आता दोन्ही चाके निकामी होती. काकांनी माझ्या हातातून व्हर्नियर घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बघ," ते म्हणाले, "समान आले की नाही?"

तेवीसला मेकॅनिकने कॅलिपर खोलला. खालची पिन गंजून बसली होती. त्यामुळे ब्रेक सोडल्यावरही डावा आतला पॅड तबकडीला घासत राहायचा. त्याने पिन काढली, घासली, ग्रीस लावले, नवे पॅड टाकले आणि एक तासात मोकळा झाला. मधल्या काळात काय केले हे मी त्याला सांगायला नको होते. ते बायको सोबत असताना सांगितले, ही आणखी एक चूक. तो थेट बायकोला म्हणाला, "वहिनी, साहेबांना हवं तर आरसे पुसू द्या. बाकी माझ्याकडे आणा."

सव्वीसला, गुरुवारी, आम्ही वाहन तपासणी केंद्रात गेलो. आम्ही म्हणजे दोघे, कारण कागदावर गाडीची मालक बायको आहे. घरातली प्रत्येक मोठी वस्तू तिच्या नावावर आणि त्या वस्तूतला प्रत्येक दोष माझ्या नावावर, अशी आमच्याकडची विभागणी आहे. निरीक्षक एक बाई होत्या. चष्मा दोरीला, आवाज हळू. अर्जात 'ओढीची चाके : पुढची / मागची, लागू नसेल ते खोडा' असे होते. मी विचारले, इंजिन तर चारही चाकांना ओढ देते, काय खोडू? त्या म्हणाल्या, खोडावं तर लागेल, नाहीतर संगणक घेत नाही. मी 'मागची' खोडले आणि माझ्या गाडीशी पहिला द्रोह केला.

ब्रेकच्या तपासणीसाठी जमिनीत खड्डा आहे, त्यात फिरते रूळ. पुढची चाके रुळांवर ठेवायची, रूळ फिरतात, तुम्ही ब्रेक दाबायचा, यंत्र आकडा देते. मागची चाके तोवर जमिनीवर स्वस्थ उभी असतात. साध्या गाडीची. आमच्या गाडीची पुढची चाके रुळांनी फिरवताच मागचीही फिरू लागली, आणि गाडी रुळांवरून उठून, कुणीही न सांगता, निरीक्षक बाईंच्या टेबलाकडे निघाली. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. ती टेबलापासून वीतभर अंतरावर थांबली. टेबलावरचा चहा हलला, सांडला नाही. मी तो पुरावा म्हणून दाखवला. ब्रेक लागतात याचे याहून चांगले प्रात्यक्षिक असू शकत नाही. बाई म्हणाल्या, "असा रकाना नाही."

नियमपुस्तकात मात्र सोय निघाली. अशा गाडीची तपासणी मोकळ्या रस्त्यावर करायची, आत एक मीटर ठेवून. गाडी किती झपाट्याने थांबते ते तो मीटर मोजतो. मीटर कुठे आहे, मी विचारले. बाईंनी नोंदवही काढली. मीटर पाच महिन्यांपूर्वी शिक्का मारून आणण्यासाठी वजनमापे कार्यालयात पाठवला होता आणि अजून परत आला नव्हता.

बायकोने माझ्याकडे बघितले. मला आमच्या ऑफिसातल्या कपाटावरचा राखाडी डबा आठवला. त्यावर आम्ही रजेचे अर्ज ठेवतो.

ऑफिसात जाऊन फाइल काढली. 'साधनाचा प्रकार व प्रयोजन स्पष्ट करावे, तोवर प्रलंबित' असा शेरा होता. अक्षर सुबक होते. माझे होते. माझ्याच बायकोच्या गाडीच्या तपासणीचे साधन मी तपासणे नियमात बसत नाही, म्हणून समोरच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विनवले. तो म्हणाला, शेरा मारणाऱ्याने आधी शेरा मागे घ्यावा. मी माझ्याच शेऱ्याखाली माझेच समाधान झाल्याचे लिहून दिले. अठ्ठावीसला, शनिवारी, संध्याकाळी पाच वाजता शिक्का लागला. सोमवारी दाखला संपत होता. डॉक्टरांचा फोन येऊन गेला. सोमवारी संध्याकाळी येऊन गाडी बघतो, म्हणाले.

सोमवारी, तीस तारखेला, सकाळी साडेदहा वाजता मी गाडी केंद्रामागच्या मोकळ्या रस्त्यावर नेली. बाईंनी मीटर सीटशेजारी बसवला आणि विचारले, मालक कोण? बायको म्हणाली, मी. मग तुम्हीच चालवा, बाई म्हणाल्या; रस्त्यावरच्या तपासणीत मालक हजर असताना दुसऱ्याने चालवायचे तर अधिकारपत्र लागते. मला पिवळ्या पट्ट्यामागे उभे करून त्या बायकोशेजारी गाडीत बसल्या.

बायको स्कूटर उत्तम चालवते आणि चारचाकीचा परवाना तिच्याकडे अकरा वर्षे आहे. या गाडीच्या स्टिअरिंगला मात्र तिने कधी हात लावला नव्हता. सीट पुढे घेण्यात तिचे एक मिनिट गेले. चाळीसच्या वेगाने तीनदा जायचे आणि तीनदा थांबायचे. पहिल्यांदा गाडी सरळ रेषेत थांबली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा ती थोडी उशिरा थांबली, कारण बायकोने आरशात केस नीट केले, असे मला लांबून वाटले. मी ते कुठे बोललेलो नाही.

निरीक्षक बाई मीटर घेऊन उतरल्या आणि कागद लिहू लागल्या. तेवढ्यात गाडी पुन्हा निघाली. रस्ता संपतो तिथे खोदकामाच्या मातीचा ढीग आहे, माणसाच्या उंचीचा. गाडी त्याच्यासमोर क्षणभर थांबली. मग चढली. चारही चाके माती फेकत होती. वर जाऊन ती उभी राहिली, पलीकडे उतरली आणि वळसा घालून आमच्याकडे आली.

बाई म्हणाल्या, "हे मी सांगितलं नव्हतं."

"मीही नाही," मी म्हणालो.

बायकोने काच खाली केली. तिच्या कपाळावर माती होती. "अहो," ती म्हणाली, "ही तर चढते. तुम्ही चार महिने हिला फक्त ऑफिसला नेत होता?"

मी खिशातला रुमाल काढून तिच्या हातात दिला. 

आकडे असे आहेत. थांबण्याचा झपाटा मीटरवर किमान पन्नास टक्के हवा. पहिल्यांदा अठ्ठावन्न, दुसऱ्यांदा छपन्न, तिसऱ्यांदा बरोबर पन्नास. आमच्या कार्यालयात मर्यादेवर बसलेले माप पास होते. तपासणी केंद्रात ते पास की नापास, हे निरीक्षक बाईंना ठरवता आले नाही. त्यांनी कागद वरिष्ठांकडे पाठवला. वरिष्ठ बैठकीत होते. दुपारी चारला ते दुसऱ्या बैठकीत गेले.

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरांचा फोन आला. मी उचलणार तेवढ्यात बायकोने घेतला. ती म्हणाली, "नाही, आज नका येऊ. गाडी मला लागतेय." मग तिने त्यांना दाढेबद्दल काहीतरी विचारले आणि फोन ठेवला.

केंद्राचा निकाल हे लिहीपर्यंत आलेला नाही. गाडीची किल्ली नेहमीच्या खिळ्यावर नाही. ती बायकोच्या पर्समध्ये आहे, आणि मी उद्या सकाळी ऑफिसला कशाने जायचे हे अजून विचारलेले नाही.